एकोणचाळीस आणि माटोळीतले आयत

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मी पाचवीच्या मुलांना काही संख्या तोंडी सांगतो आणि त्या अंकांत लिहायला लावतो. ‘एकोणचाळीस’ म्हटले की दरवर्षी चार-पाच वह्यांमध्ये ४९ लिहिलेले सापडते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील ज्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो, तिथे येणारी बहुतेक मुले आसपासच्या मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांतून चौथी झालेली असतात. सुरुवातीची काही वर्षे मी त्या ४९ वर लाल फुली मारून शेजारी ३९ लिहीत असे आणि पुढच्या वहीकडे वळत असे. एके दिवशी मात्र एका मुलाला जवळ बोलावून, हे कसे लिहिलेस, असे विचारले. त्याने जराही न अडखळता सांगितले, ‘सर, पंचेचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतात, म्हणून आधी चार. सत्तेचाळीसमध्येही तसेच. मग एकोणचाळीसमध्येही चाळीस आहेत, म्हणजे आधी चारच येणार.’ आणि नऊ कुठून आला? ‘एकोणीसमध्ये शेवटी नऊ असतो ना!’

माहीत असलेल्या उदाहरणांवरून त्याने स्वतः एक नियम काढला होता आणि तो नव्या संख्येला प्रामाणिकपणे लावला होता. गणित करणारा माणूस याहून वेगळे काय करतो? उणीव होती ती एकाच माहितीची, की ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एक कमी. तेवढे सांगितल्यावर २९, ५९, ६९, ८९ या संख्या त्याने माझ्या मदतीशिवाय लिहिल्या, आणि मग विचारले, की ९९ ला नव्व्याण्णव का म्हणतात, एकोणशंभर का म्हणत नाहीत? मी त्याला सांगितले, की बोलीतले शब्द माणसांच्या तोंडी घडत गेले, त्यामुळे तिथल्या नियमांना अपवाद असतात आणि ते अपवाद आपण चालवून घेतो. गणितात मात्र एक अपवाद सापडला तरी नियम मोडतो आणि तो पुन्हा तपासावा लागतो. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला समजतो, हे मला त्याच दिवशी कळले. पुढे ३९ आणि २६ यांची बेरीज तो ‘चाळीस आणि सव्वीस सहासष्ट, त्यातून एक गेला’ अशी तोंडी करू लागला.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि मोठा वाद झाला, तेव्हा मुलांची अडचण दूर करण्याचा त्यामागचा हेतू मला पटला होता. तरीही ‘एकोण’मध्ये दडलेली वजाबाकी हातची जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशा वाटेने आमची मुले गणितापर्यंत येतात. इंग्रजीत उत्तर देणे त्यांना लवकर जमते, कारण उत्तर बहुधा एक संख्या असते. अवघड जाते ते कारण सांगणे. ‘का?’ असे इंग्रजीत विचारले, की ज्यांना कारण पक्के ठाऊक असते तीही गप्प बसतात, आणि त्या गप्पपणावरून शिक्षक त्यांना गणितात कच्ची ठरवून मोकळे होतात. मीही तसे केलेले आहे आणि त्याची खंत आजही वाटते. म्हणून आता माझ्या वर्गात कारण कोणत्याही भाषेत सांगितलेले चालते. कोकणीत सुरू झालेले वाक्य मराठीतून जाऊन एखाद्या इंग्रजी संज्ञेपाशी संपले, तरी त्यातील युक्तिवाद सलग आहे की नाही, एवढेच मी पाहतो. परीक्षेसाठी ते इंग्रजीत कसे मांडायचे, हे नंतर शिकवता येते. आधी सांगण्याजोगे काही मनात तयार व्हायला हवे.

सातवीत सरासरी शिकवताना मी गोव्यात कोसबेन येथे १९०७ साली जन्मलेल्या गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे काम मुलांना सांगतो. तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन आहत (म्हणजे ठसे मारून पाडलेल्या) नाण्यांवर सन-संवत काहीच नव्हते. हातोहात फिरणारे नाणे झिजते, म्हणजे ते जितका काळ चलनात राहिले असेल तितके त्याचे वजन सरासरीने कमी भरले पाहिजे, असा विचार कोसंबींनी केला. एकट्यादुकट्या नाण्यावरून काही ठरत नाही, कारण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणून मोठ्या संख्येने नाणी तोलायची, वजनांची सरासरी पाहायची आणि वजने एकमेकांपासून किती पांगली आहेत हेही पाहायचे. नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान ठसे असतात. त्यांची संख्या जसजशी वाढते तसतशी सरासरी उतरत जाते, हे त्यांनी दाखवले, आणि त्यावरून ते ठसे काळाच्या ओघात पडत गेले असावेत असे अनुमान काढता आले. बेरीज करून भागायचे, एवढीच सरासरीची ओळख असलेल्या मुलांना तिच्या मदतीने नाण्यांचा आगेमागेपणा ठरवता येतो, हे ऐकून खरोखर नवल वाटते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर सहावीच्या वर्गात मी माटोळीचा प्रश्न घेतो. गणपतीच्या वर टांगलेली ती काठ्यांची चौकट प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि नारळ, चिबूड, तोरिंजन, सुपारीचे घोस बांधायला अनेकांनी घरी हातभारही लावलेला असतो. फळ्यावर पाच उभ्या आणि चार आडव्या काठ्या काढतो आणि विचारतो, की यात लहानमोठे मिळून एकूण किती आयत आहेत? पहिली उत्तरे बारा अशी येतात, मग कोणीतरी दोन घरे मिळून झालेला आयत दाखवतो आणि मोजदाद नव्याने सुरू होते. गेल्या वर्षी याच सुमारास एका मुलीने चौरस मोजायचे नाहीत, कारण तो आयत नव्हे, असा आक्षेप घेतला. व्हान हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या, त्यांत आकृती दिसण्यावरून ओळखणे ही पायरी गुणधर्मांवरून ओळखण्याच्या आधी येते, आणि आमचा वर्ग नेमका त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा होता. अर्धी तासिका ‘आयत म्हणजे काय’ यावरच गेली. मी ती जाऊ दिली. चारही कोन काटकोन असले की पुरे, बाजू समान असायला बंदी नाही, हे शेवटी मुलांनीच मान्य केले.

मोजणी मात्र जुळेना. कोणाचे ५४, कोणाचे ५८, कोणाचे ६०. पूर्वी अशा वेळी मी सूत्र सांगून टाकत असे. या वेळी, आपण काहीच विसरलो नाही याची खात्री कशी करायची, एवढेच विचारून थांबलो. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘घरे कशाला मोजायची? काठ्या मोजूया. दोन उभ्या आणि दोन आडव्या धरल्या, की एक आयत होतो.’ वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग पाच उभ्या काठ्यांच्या जोड्या कोणी चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक अशा दहा काढल्या, आडव्या चारांच्या सहा निघाल्या, आणि प्रत्येक उभ्या जोडीला सहा आडव्या जोड्या म्हणून साठ. ज्यांचे साठ आधीच आले होते, त्यांनीही ही रीत वहीत उतरवून घेतली.

घंटा होता होता चौरसावर आक्षेप घेणाऱ्या मुलीने विचारले, की आणखी एक उभी काठी लावली तर किती आयत वाढतील? मी काही बोलण्याआधीच तिच्या शेजारणीने उत्तर दिले, ‘नवी काठी जुन्या पाचांपैकी प्रत्येकीशी जोडी करेल. पाच जोड्या, प्रत्येकीला सहा. तीस वाढतील.’