मेगापिक्सल कमी, वय जास्त, तरी हा कॅमेरा घ्यावा का?

"तुझा चोवीस मेगापिक्सलचा आहे ना? मग हा एकवीसचा घेऊन अपग्रेड कसलं?"

बायकोने हे विचारलं तेव्हा मी पोहे खात होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते "ऑटोफोकस मॉड्यूल" असल्या शब्दाने सुरू होत होतं आणि असल्या शब्दांनी सुरू झालेली वाक्यं आमच्या घरात कधी पूर्ण होत नाहीत.

झालं असं की आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्यांचा निकॉन डी५०० कॅमेरा विकायला काढला. खांदा दुखतो म्हणाले, डॉक्टरने वजन उचलू नका म्हणून सांगितलंय, आता हलकं काहीतरी घेणार. त्यांच्याकडे लांबचं जवळ आणणारी २००-५०० लेन्स आहे, ती एकटीच २.३ किलोची, त्यात कॅमेरा धरला की तीन किलोच्या वर जातं, तर खांदा दुखणारच. लेन्स जावई घेऊन जाणार होता, बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, उरली. ५८ हजार, दोन बॅटऱ्या, एक एक्सक्यूडी (म्हणजे वेगवान मेमरी) कार्ड, चार्जर, बॉक्स, बिल सगळं आहे. "तू घेत असशील तर मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही बाळा, पण आठ-दहा दिवसांत सांग."

माझ्याकडे डी३३०० आहे. २०१५ च्या दिवाळीत घेतला, सोबत येणाऱ्या किट लेन्ससकट. मग २०१८ ला ७०-३०० ची एएफ-पी (नव्या प्रकारच्या फोकस मोटरची) लेन्स घेतली, ती लावली तर आधी कॅमेरा ओळखेचना, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट मारल्यावर चालायला लागली. तेव्हापासून हा जोड कवडीपाट, सिंहगड व्हॅली, वर्षातून एकदा भिगवण असा पुण्याच्या आसपासच्या पक्ष्यांच्या जागांवर फिरतोय. बिचाऱ्याने कधी त्रास दिला नाही. एकदा भिगवणला होडीत पाणी उडालं तेव्हा माझा जीव गेला होता, त्याला काही झालं नाही.

आणि डी५०० जाहीर झाला २०१६ च्या जानेवारीत. म्हणजे मी माझा घेतला त्यानंतर दोन-तीन महिन्यांत. २०२२ मध्ये कंपनीने बनवणं बंद पण केलं. आता २०१६ च्या कॅमेऱ्याला ५८ हजार द्यायचे म्हणजे नक्की काय विकत घेतोय हे मला स्वतःलाच नीट कळायला पाहिजे होतं. मग रात्री झोपायच्या ऐवजी यूट्यूब सुरू. चार दिवसांत मी इतके रिव्ह्यू बघितले की स्वप्नात एक गोरा माणूस टोपी घालून मला शटरचा आवाज ऐकवत होता.

पर्याय बघितले नाहीत असं नाही. डी७२०० सेकंडहँड जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो, २४ मेगापिक्सल, ५१ फोकस पॉइंट (फ्रेममधल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरू शकतो त्या), दोन एसडी कार्डं, सगळं छान, जवळजवळ ठरलंच होतं. पण माझी लेन्स एएफ-पी आणि डी७२०० तिला अर्धवटच सांभाळून घेतो. कॅमेरा थोडा वेळ झोपला आणि परत जागा झाला की फोकस हललेला असतो, परत लावा. शिवाय या लेन्सवर व्हीआरचं, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीचं, बटणच नाही, ते मेनूतून बंद करायचं असतं आणि डी७२०० च्या मेनूत ते येत नाही. पक्षी बघत तासभर बसणाऱ्या माणसाचा कॅमेरा दर मिनिटाला झोपतोच, त्यामुळे डी७२०० बाद. डी७५०० ला हा प्रॉब्लेम नाही पण तो धड बिलासकट कुणाकडे सापडेना. मिररलेसवाले, म्हणजे आत आरसा नसलेले नवीन कॅमेरे वापरणारे, मित्र म्हणाले झेड५० टू घे, त्याला पक्षी ओळखायचा वेगळा मोड आहे, डोळा स्वतः शोधतो. असेल. पण नवीन बॉडी प्लस जुनी लेन्स त्यावर बसवायचा अडॅप्टर हा हिशोब मी कागदावर मांडला आणि कागद घडी करून खिशात ठेवला, घरात कुठे ठेवला असता तर सापडला असता.

मग एका रविवारी मला एक बरी गोष्ट सुचली, या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक. म्हटलं रिव्ह्यू बघण्यापेक्षा आपले खराब फोटो बघू. हार्ड डिस्कवर मागच्या दोन हिवाळ्यांचे फोटो होते, मी डिलीट करायला कायम आळस करतो त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. चार फोल्डर केले. लांब, हललेला, फोकस गंडला, उशीर. आणि एकेक फोटो बघून टाकत गेलो, पंचनामाच म्हणा.

सगळ्यात मोठं फोल्डर "लांब" झालं. म्हणजे रोहित पक्षी म्हणून काढलेला फोटो क्रॉप करत करत गेलं की गुलाबी ठिपका उरतो. इथे कॅमेऱ्याचा काही दोष नाही, ३०० ची लेन्स आहे आणि पक्षी पलीकडच्या काठावर आहे, जगातली कुठलीही बॉडी लावा, ठिपकाच येणार. उलट डी५०० चे मेगापिक्सल कमी म्हणजे ठिपका एक कणभर लहान. बायकोचा मुद्दा इथे बरोबर होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसरं "हललेला". हे बघून लाज वाटली. सकाळी सातला उडणाऱ्या पक्ष्याला १/३२० सेकंद शटर. का, तर मी ॲपर्चर मोडवर ठेवून गप्पा मारत बसलो होतो आणि कॅमेऱ्याने आपल्या मनाने जे दिलं ते घेतलं. हे मी ग्रुपवर बोललो तर काकाच म्हणाले, म्हणजे ज्यांना कॅमेरा विकायचाय तेच, की "अरे मॅन्युअलवर टाक, १/२०००, एफ/६.३, आणि आयएसओ ऑटो कर, वरची मर्यादा ३२०० दे. फुकटात होतंय." केलं. म्हणजे शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) मी ठरवायचं, उजेड कमी पडला तर सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याने वाढवायची. डी३३०० वर व्यवस्थित होतं. नऊ वर्षांत मी ते मेनूचं पान उघडलं नव्हतं. पुढच्या शनिवारी "हललेला" फोल्डरमध्ये टाकायला जवळपास काही नव्हतं, थोडी नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढली पण नॉइजवाला पक्षी निदान पक्षी असतो.

म्हणजे अर्ध्याहून जास्त रोग एक तर लेन्सचा होता नाहीतर माझा. इथे गोष्ट संपायला पाहिजे होती खरं तर. ५८ हजार वाचले, घरी जा.

पण उरलेली दोन फोल्डरं होती ना. "फोकस गंडला" आणि "उशीर". आणि मजा म्हणजे माझे सगळे आवडते प्रसंग त्या दोन फोल्डरमध्ये पडलेले होते. कवडीपाटला कवड्या खंड्या असतो, काळा-पांढरा, तो पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, चोच खाली, सगळं शरीर हलतंय आणि डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं, आणि मग दगडासारखा खाली. हा पक्षी मी शेकडो वेळा काढलाय आणि शेकडो वेळा मागचं गवत शार्प आलंय. डी३३०० ला फोकस पॉइंट ११, सगळे मधे गोळा झालेले, त्यातला क्रॉस टाइपचा, म्हणजे आडवा-उभा दोन्ही बघणारा पक्का, एकच, तो पण बरोबर मधला. पक्षी मधल्या पॉइंटवरून जरा सरकला की कॅमेरा म्हणतो गवत पण छान आहे की. आणि चुकून धरलाच, तर मी रॉ (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइल) काढतो, पाच-सहा फ्रेम झाल्या की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतं, कॅमेरा अडखळायला लागतो आणि नेमका तेव्हाच तो सूर मारतो. माझ्याकडे पाण्यातल्या वर्तुळांचे फोटो खूप आहेत. खंड्या आत गेल्यानंतरची वर्तुळं.

काकांना म्हटलं एक सकाळ द्याल का वापरायला. ते म्हणाले एक काय दोन घे, बॅटरी भरून ठेवतो.

जानेवारीतली थंडी, हडपसरहून सोलापूर रोडने कवडीपाट टोलनाका, तिथून आत, साडेसहाला बंधाऱ्यावर. ज्यांनी कवडी बघितलं नाही त्यांना सांगतो, फोटोत दिसतं तसं नाही ते. मुळा-मुठेचं पाणी, त्यावर फेस, पुण्याची सगळी प्लास्टिकची पिशवी आणि थर्माकोल तिथे अडकतं आणि त्याच्या मधोमध चक्रवाकाची जोडी सोनेरी उन्हात बसलेली. फोटोवाले सगळे कॅमेरा असा तिरका धरतात की पिशवी फ्रेममध्ये येऊ नये. मीसुद्धा.

डी५०० हातात घेतल्यावर पहिली गोष्ट वजन. माझा बॅटरी-कार्डासकट ४६० ग्रॅम, हा ८६०. दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची जागा, आणि हे मला कुठल्याच रिव्ह्यूने नीट सांगितलं नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यातून बघणं म्हणजे बोगद्याच्या टोकाला टीव्ही लावल्यासारखं, हे म्हणजे खिडकी. दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो, फोटो काढलाच नाही. दोन डायल आहेत, एक अंगठ्याला एक बोटाला, डोळा न काढता शटर पण फिरतं ॲपर्चर पण. अंधारात बटणांना दिवे लागतात, ते मी गरज नसताना पाच-सहा वेळा लावून बघितले.

मग कवड्या आला. १५३ पॉइंट आहेत, फ्रेमच्या जवळजवळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले, त्यामुळे तो डावीकडे सरकला तरी फोकस त्याला सोडेना. माझीच लेन्स, तीच ७०-३००, स्वस्तातली, आणि ती अशी पळायला लागली की मला वाटलं आपण इतकी वर्षं हिला उपाशी ठेवली. सेकंदाला १० फ्रेम, आणि बफर भरतच नाही, एक्सक्यूडी कार्डावर २०० रॉ फोटो सलग जातात म्हणे, मी बोट ठेवून बसलो, तोफखानाच. शेजारी एक आजोबा दुर्बीण घेऊन होते, ते म्हणाले, "अहो जरा थांबा, तो पक्षी घाबरायच्या आधी मी घाबरतोय."

घरी आलो तेव्हा ९०० च्या वर फोटो होते. पुढची पूर्ण दुपार ते चाळण्यात गेली, बायको बाजारात एकटी गेली, त्याचं बिल वेगळं. त्यातले खरे ठेवण्यासारखे सहा. डी३३०० वर चांगल्या दिवशी दोन-तीन येतात. म्हणजे दुप्पट झाले असं म्हणू शकतो किंवा ५८ हजारात तीन फोटो असंही म्हणू शकतो, मूडवर आहे.

कवड्याचे मात्र चाळीसेक शार्प होते. डोळ्यातलं उन्हाचं टिपूस दिसत होतं. सूर मारतानाचा एक पण मिळाला, त्यात चोच फ्रेमच्या बाहेर, ती माझी चूक.

आता शंका. एक्सक्यूडी कार्ड हल्ली धड मिळत नाही आणि मिळालं तर महाग. नंतरच्या फर्मवेअरने सीएफएक्सप्रेस टाइप बी हे नवीन कार्ड चालतं, ते मिळतं, पण तेही काही शेंगदाण्याच्या भावात नाही. दुसरा स्लॉट एसडीचा आहे तो आहेच, वेळ मारून नेता येईल. पॉप-अप फ्लॅश नाही, वाढदिवसाला केक कापतानाचे फोटो आता कोण काढणार हा प्रश्न घरून आला. आणि मुख्य म्हणजे हा रस्ता पुढे बंद आहे, याचा पुढचा भाऊ आलाच नाही, कंपनी मिररलेसकडे गेली. मित्र म्हणतात मेलेल्या सिस्टीममध्ये पैसे घालू नको. मला उलट वाटतं, आणि हे कदाचित मी स्वतःला पटवतोय, की मेलेलीच बरी. सगळे मिररलेसकडे पळतायत म्हणून जुन्या लेन्सा स्वस्त होतायत, पुढेमागे "लांब" फोल्डरवर काहीतरी करता येईल. आणि दर वर्षी नवीन मॉडेल येऊन माझा जळफळाट करणार नाही. बॅटरी ईएन-ईएल१५ आहे, ती निकॉनच्या बऱ्याच मिररलेसला पण चालते, हे मी बायकोला भविष्याची तरतूद म्हणून सांगितलं, तिने फक्त बघितलं.

ओळखीचे काका असले तरी तपासून घेतला, त्यांनीच सांगितलं तपास म्हणून. एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघितले, तीन होते, ब्लोअरने दोन गेले. लेन्सची टोपी लावून अंधारात फोटो काढला, चमकणारे पिक्सल नाहीत. मागच्या अंगठ्याखालचं रबर जरा सुटलंय, ते बहुतेक सगळ्या जुन्या बॉड्यांचं सुटतं, चिकटवता येतं. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, ७४,३१२, कंपनी २ लाखांपर्यंत टिकेल म्हणून सांगते. मुंबईला बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या बाजारात, गेलो असतो तर कदाचित दोन-चार हजार कमी झाले असते, पण तिथे बिल मागितलं की चेहरा बदलणारे पण भेटतात, आणि काकांनी ज्या दिवशी घेतला त्या दिवसाचं बिल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलंय, आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट मी इतकं जपलेलं नाही.

घेतला. ५५ ला दिला त्यांनी, तीन हजार कमी केले आणि वर एक अट घातली की भिगवणला जाशील तेव्हा मला गाडीत घे, मी फक्त दुर्बीण आणतो. डी३३०० विकला नाही, विकून येणार किती, शिवाय त्याला फ्लॅश आहे, केकचा प्रश्न सुटला.

दोन शनिवार झाले. शटर काउंट ७६,९०० च्या वर गेलाय. मासा चोचीत धरून वर येणारा कवड्या अजून नाही. परवा एक आला होता मासा घेऊन, सगळं जमलं होतं, फोकस, शटर, सगळं, घरी येऊन मोठा करून बघितला तर चोचीत मासा नाही, गुटख्याची पुडी आहे. अगदी शार्प. त्यावरचं नाव वाचता येतंय.