आमची वाटचाल: दोरा तेवढा उरला

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या शेडमध्ये वडिलांचे सहा यंत्रमाग होते. पॉलिस्टर साड्या, खर्चीवर. सूत व्यापाऱ्याचं, माल व्यापाऱ्याचा, आमच्या वाट्याला मजुरी आणि लाईट बिल. 2014 मध्ये अण्णा भागीदार झाले. मूळचे बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचे, खण विणणाऱ्या घराण्यातले. हिशेब कन्नडमध्ये, भांडण मराठीत. त्यांचा एकच हट्ट: उभा ताणाही सुती, आडवा बाणाही सुती, खळ तांदळाच्या पेजेची. दोन यंत्रमाग विकून हातमाग घातले. भाऊबंद हसले.

अण्णांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी लाकडी नळी, अजून माझ्या टेबलावर आहे. सागवानी, दोन्ही टोकांना लोखंडी नाकं, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आतली सुताची कांडी संपत आली की धोट्याचा आवाज बदलतो. अण्णा पाठमोरे असले तरी ओळखायचे.

मधली वर्षं बरी गेली. मग शहरातला एक व्यापारी आला. चारशे मीटर माल उधारीवर नेला, दुकानात दर्शनी लावला आणि गिऱ्हाईक जमल्यावर पुढचा माल बाहेरून आणला. आमचा दर मीटरला 210, त्याचा 95. वर हिरव्या पानाचं लेबल, ‘मातीत मिसळणारे वस्त्र’! पैसे मागायला गेलो तर म्हणाला, तुमच्या कापडात पिक (इंचातले आडवे धागे) कमी. भिंग लावून त्याच्यासमोर मोजून दाखवले, बरोबर भरले. तरी दिले नाहीत. पाठोपाठ 2020 चा लॉकडाऊन. तीन माग भंगाराच्या भावाने गेले.

तेव्हा टिकलं एकच गिऱ्हाईक, खानापूरच्या अक्का. नातवंडांच्या दुपट्यांसाठी, कुंच्यांसाठी कापड न्यायच्या. एकदा विचारलं, “पुरलं तर खरंच जातं काय हो हे?” मी छाती फुगवून त्यांच्यादेखत शेडमागच्या शेवग्याखाली दोन तुकडे पुरले, एक आमच्या झबल्याचा, एक त्या व्यापाऱ्याच्या कापडाचा. मिरगात पुरले, नवरात्रात उकरले. व्यापाऱ्याच्या तुकड्यातली रुई गेली होती, पॉलिस्टरची जाळी तशीच, कोळिष्टकासारखी. आमचं कापड पार गेलं होतं. पण शिवणीचा दोरा अख्खा, आणि आमच्या नावाचं लेबलही!

अक्का म्हणाल्या, “नाव मात्र टिकाऊ हं तुमचं.”

दोरा पॉलिस्टरचा होता. तो कधी ध्यानातच आला नव्हता. आता सुती दोराच वापरतो. मशीनवर तुटतो, शिवणारी बाई कुरकुरते, काम हळू होतं. लेबल काढून टाकलं, कोपऱ्यात ठसा मारतो.

घेणाऱ्यांनी एवढं करावं: कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखं जळून राख होते, चिमटीत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र असेल तर राखेत खडा लागतो. बांबूच्या नावाने मिळणारं मऊ कापड बहुतेक व्हिस्कोस असतं. लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. तो कुजतो, पण तो कारखान्यात बनतो हे विसरू नये. आणि सुती कापडही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून कचऱ्यात टाकलं तर लवकर जात नाही. त्याला ओल, हवा, माती लागते. कापसाला पाणी आणि फवारणी किती लागते, ते शेतकऱ्याला विचारा.

अण्णा गेल्या वर्षी गावी परतले. व्यापाऱ्याकडचे 84 हजार येणेच आहेत. सीए म्हणतात, बुडीत टाका. यंदाच्या पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा त्याचंच नाव लिहिलं.