एक विहीर, तीन नावं

पावसला आमच्या वाडीत तीन घरांत मिळून एकच विहीर. आम्ही तिला ‘खालची’ म्हणतो, काकांकडे ती ‘परसातली’, पलीकडच्या घरात ‘आगरातली’. मे महिन्यात एकाने पंप जरा जास्त चालवला की तिघांच्याही कळशीत गढूळ पाणी. हे लहानपणापासून बघत आलोय, तरी परवा फसलोच.

यंदा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब पायथनमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, करून देतो, असं मीच म्हणालो होतो. तीन घरं, हंगामाचे चार आठवडे. चार शून्यांची एक यादी केली, ती दुसऱ्या एका यादीत ठेवली आणि आळस करून त्या बाहेरच्या यादीला सरळ तिनाने गुणलं. पडद्यावर तीन ओळी छान उमटल्या. मग काकांच्या पहिल्या आठवड्याच्या खणात (त्या खणाचा नंबर शून्य, हे काकांना अजून पटलेलं नाही) पाच पेट्या टाकल्या, तर तिन्ही घरांत पाच-पाच!

“अरे, आंबे माझे उतरवले, मग पेट्या ह्यांच्या नावावर कशा चढल्या?” काकांचा चेहरा वाटणीच्या दिवशी असतो तसा.

त्या गुणाकाराने आतल्या यादीच्या प्रती निघतच नाहीत. यादी एकच, तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा तीन. गंमत म्हणजे आतली चार शून्यंही मुळात एकच शून्य! पण आकडा जागच्या जागी बदलत नाही. खणात पाच लिहिले म्हणजे तिथलं बोट दुसऱ्या आकड्याकडे वळवलं, शेजारच्या खणाला त्याचा पत्ताही नाही. यादी मात्र जागीच बदलते. वरवरची कॉपी काढूनही भागलं नाही, बाहेरची यादी तेवढी नवी झाली, आतली तीच. त्यापेक्षा हापूसचं कलम बरं. काडी जुन्या झाडाची, पण एकदा वेगळं लावलं की इकडचा मोहोर गळला म्हणून तिकडचा गळत नाही.

शेवटी लूप लावून, म्हणजे तीच कृती दर घरासाठी पुन्हा करायला सांगून, प्रत्येक घराची यादी नव्याने बनवली. पेट्या आपापल्या घरी गेल्या.

तेवढ्यात काका म्हणाले, “विहिरीचा गाळ काढायचाय. तो खर्च कुठे लिहिणार?”

त्याची मी एकच यादी केली आणि तिन्ही नावांना मुद्दाम तीच जोडली.

“म्हणजे मी लिहिलं की तिघांना दिसणार?”

“हो.”

“मग लिही, काकांनी दोन हजार दिले. आणि दादाला आत्ताच दाखव.”