कॅम्परची पाण्याची टाकी, नोंद ३: पावसाळ्यानंतरची सफाई

फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेला कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी. बेंचखाली ८० लिटरची पांढरी प्लॅस्टिकची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, पंपाआधी जाळीची गाळणी, पुढे १० लिटरचा गीझर. पाणी बाहेर पडायच्या जागा चार: सिंक, आतला शॉवर, मागच्या दारातला शॉवर आणि टॉयलेटचा फ्लश. जून ते सप्टेंबर गाडी उभी, टाकीच्या तळाशी सात-आठ लिटर पाणी तसंच राहिलेलं. पाण्याला मातकट वास, गरम नळाला त्याहून वाईट.

शनिवार, सकाळ. पाणी सोडून तपासणीचं झाकण काढलं. आतून टाकी डोळ्यांना स्वच्छच वाटते. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. हा जिवाणूंचा थर घासून न काढता वरून क्लोरीन ओतलं, तर वरचे जिवाणू मारण्यातच क्लोरीन संपतं, खालचे वाचतात आणि दोन आठवड्यांत वास परत. म्हणून आधी ब्रश. मऊ नायलॉनचाच हवा; तारेच्या घासणीने प्लॅस्टिकला चरे पडतात आणि पुढचा थर त्याच चऱ्यांत धरतो. आतल्या आडव्या पट्टीमागे हात पोहोचत नाही, तिथे बाटली धुण्याचा ब्रश अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपला बांधून चालतो. भांड्यांचा साबण चमचाभरच. जास्त झाला तर फेस पंपात जातो आणि तासभर खळबळत बसावं लागतं.

ज्यांच्या टाकीला झाकणच नाही, त्यांनी एक तृतीयांश पाणी भरून वळणांच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणावी. घाट जवळ असेल तर उत्तम. ब्रशची सर येत नाही, पण बरंच सुटतं.

दुपार, क्षार. गाडी बोअरचं पाणी पीत आली असेल तर पातळी दाखवणाऱ्या स्टीलच्या कांड्या आणि शॉवरची भोकं आधी पाहा. पांढरा खरखरीत थर असेल तर लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) वापरायचं: लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २० लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम. दोन तास टाकीत आणि नळांपर्यंत फिरवून ठेवायचं. गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी स्वतः झिजून गंज रोखणारी) असेल तर बायपासचा व्हॉल्व्ह फिरवून गीझर बाजूला ठेवावा, आम्ल ती कांडी खाऊन टाकतं.

यानंतर दोनदा पूर्ण भरून रिकामी. इथे घाई नको. आम्लाचा अंश राहिलेल्या टाकीत हायपोक्लोराइट (संध्याकाळी घालायचं क्लोरीनचं द्रावण) पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणारा कागद) नळाचं पाणी आणि टाकीचं पाणी एकाच रंगाचं दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. दारं-खिडक्या तरीही उघड्याच.

संध्याकाळ, क्लोरीन. त्याआधी कार्बन फिल्टर काढून घरात ठेवायचे आणि आरओ असेल तर त्याची लाइन बंद करायची. कार्बन सगळं क्लोरीन गिळतो, आणि आरओची पातळ पटल क्लोरीनने कायमची खराब होते.

मात्रा: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, रात्रभर. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर हिशेब सोपा, दर लिटरला १ मिली. ८० लिटरला ८० मिली. १० टक्के असेल तर ४० मिली. बाटली सुगंधी किंवा घट्टसर ब्लीचची नको. उन्हाळाभर दुकानाच्या काचेत उभी राहिलेली तर मुळीच नको, उष्णतेने आणि उजेडाने तिचा जोर उतरलेला असतो. दुकानात नुसतं ‘हायपो’ मागू नका. फोटोग्राफीवाले हायपो म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट, मत्स्यालयाच्या दुकानातलं ‘अँटी-क्लोरीन’. ते नेमकं उलटं काम करतं.

गावात ग्रामपंचायतीकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळाली तर तीही चालते. ताजी असेल तर तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे १२ ग्रॅम पुरे. पण बादलीत कालवून चुना बसू द्यायचा आणि फक्त निवळी टाकीत घालायची. चुना पंपाच्या झडपांत बसला की पंप थांबतच नाही, सारखा घरघरत राहतो.

निवळी असो वा हायपोक्लोराइट, आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत, नंतर टाकी गळ्यापर्यंत भरायची. गळ्यापर्यंतच, कारण टाकीचं छत कोरडं राहिलं तर तिथला थर तसाच राहतो. मग बायपास बंद करून गीझर पुन्हा लाइनीत घ्यायचा आणि प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा. हमखास विसरला जातो तो मागच्या दारातला शॉवर. १२ मिमीच्या नळीत मीटरला जेमतेम ११० मिली पाणी मावतं, पण त्या अडून राहिलेल्या ११० मिलीतूनच वास परत येतो. नळ बंद करून टाकी पुन्हा काठोकाठ.

टाकी स्टीलची असेल तर रात्रभर ठेवू नका. तीव्र क्लोरीनने जोडाजवळ बारीक खड्डे पडतात. दोन-तीन तास ठेवून धुवावी.

रविवार, सकाळ. तीव्र क्लोरीन मोजणाऱ्या पट्टीने सर्वांत लांबच्या नळाचं पाणी पाहायचं. मात्रा उतरलेली असणारच. पण शून्यावर आली असेल तर आत कुठेतरी मळ शिल्लक आहे, पुन्हा ब्रश. ओटी टेस्टचे (पाण्यातलं थोडं क्लोरीन रंगाने दाखवणारे) थेंब इथे उपयोगाचे नाहीत, इतक्या क्लोरीनला रंग नुसता गडद नारिंगी होतो. ते टाकी धुवून झाल्यावर वापरायचे.

हे पाणी ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी सोडू नये. बादल्यांत घेऊन थायोसल्फेट घालावं, क्लोरीनच्या दर ग्रॅमला ७ ग्रॅम. ८० लिटरची मूळ मात्रा ४ ग्रॅम होती, म्हणजे २८ ग्रॅमच्या वर लागत नाही.

मग स्वच्छ पाण्याने भरून रिकामी, दोनदा, प्रत्येक नळातून. ओटीचा रंग फिकट पिवळा, नळाच्या पाण्याइतकाच आला की झालं. भरताना बागेची हिरवी नळी वापरू नका. तिच्यातली रसायनं क्लोरीनशी मिळून पाण्याला दवाखान्यासारखी चव देतात, आणि दोष टाकीला लागतो.

गाळणी उघडली तर तळाशी प्लॅस्टिकचा कीस, बहुधा टाकीला भोकं पाडतानाचा. धुवून बसवली. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी नव्हती, डासांना ती वाट मोकळीच होती. बारीक स्टीलची जाळी क्लिपने लावली. नवे फिल्टर सर्वांत शेवटी.

शिल्लक. थंड नळ बिनवासाचे झाले. गरम नळाला कुजक्या अंड्यासारखा वास अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. सल्फेट असलेल्या पाण्यात काही जिवाणू मॅग्नेशियमच्या कांडीच्या आधाराने या वासाचा वायू तयार करतात. पुढच्या खेपेला कांडी काढून अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची बसवायची आणि गीझर एकटाच क्लोरीनने भरायचा. कांडीचा आटा कोणत्या मापाचा आहे ते मोजून झालेलं नाही, गीझरच्या मागे पाना फिरवायला जागाच नाही.