नवी माउंटिंग आणि जुन्या रेघा

स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, इंजिनाची रबरी माउंटिंग (इंजिन चौकटीवर ज्यांवर टेकते ते आधार) बदलायला घेतली, तेव्हा इंजिन पुन्हा जागच्या जागी बसावे म्हणून मी चौकटीवर प्रत्येक माउंटिंगच्या कडेने अणकुचीदार खिळ्याने बारीक रेघा ओढून ठेवल्या होत्या. जुने रबर काढले, नवे बसवले, रेघांशी कडा जुळवल्या आणि बोल्ट आवळले. पाच-सहा फेऱ्यांनंतर इंजिनाची ताकद पुढे नेणारा बेल्ट काढून पाहिला, तर त्याची एक बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती, दुसरी खरखरीतच राहिली होती आणि बेल्टच्या गार्डला आतून काळ्या रबराची भुकटी चिकटली होती.

रेघा अचूक होत्या, पण त्या खचलेल्या इंजिनाची जागा दाखवत होत्या. तेल आणि पेट्रोल मुरून जुने रबर मऊ पडले होते व इंजिनाच्या वजनाखाली बसले होते. नवे रबर पूर्ण उंचीचे आणि ताठ, त्यामुळे इंजिन उचलले गेले आणि किंचित फिरलेही. बेल्ट दोन क्लचवर, म्हणजे दोन-दोन चकत्यांच्या पुल्यांवर, फिरतो. त्यांतला प्रायमरी क्लच थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकावर बसलेला असल्यामुळे इंजिन जिकडे जाईल तिकडे तोही जातो. सेकंडरी क्लच मात्र चौकटीला धरलेल्या जॅकशाफ्टवर (ताकद पुढे नेणाऱ्या दांड्यावर) असतो, तो जागचा हलत नाही. म्हणून माउंटिंग बदलणे हे दर वेळी क्लच जुळवण्याचेही काम असते, आणि माप घ्यायचे ते सेकंडरीपासूनच.

मापे तीन असतात. दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधले अंतर वाढले, तर बेल्ट ताणला जातो आणि इंजिन नुसते सुरू असतानाही गाडी पुढे रेटू लागते. कमी झाले, तर बेल्ट सैल राहून गाडी सुटताना झटका देते. दुसरे माप म्हणजे दोन्ही क्लचच्या चकत्या एकमेकींपासून आडव्या दिशेने किती सरकलेल्या आहेत ते. बऱ्याच मॉडेलांत ते सेकंडरीमागच्या शिम (पातळ वॉशर) कमी-जास्त करून साधते. खरा वेळ खाते ते तिसरे माप, म्हणजे दोन्ही क्लचमधला कोन, कारण त्यासाठी अख्खे इंजिन हलवावे लागते.

कोन मोजण्यासाठी बेल्ट काढून सेकंडरीच्या चकत्या उघडाव्या लागतात, त्यांच्या खाचेत त्या मॉडेलसाठीची अलाइनमेंटची सरळ पट्टी बसवावी लागते आणि तिचे दुसरे टोक प्रायमरीच्या स्थिर चकतीजवळ आले, की चकतीच्या पुढच्या आणि मागच्या कडेशी किती फट उरते ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) पाहावे लागते. बेल्ट काढलेला असताना इंजिन कधीही रेस करू नये. भार नसल्यामुळे प्रायमरीचा वेग आवाक्याबाहेर जातो आणि तो फुटू शकतो.

दोन्ही फटी समान आल्या म्हणजे झाले, असा समज मीही बरेच दिवस बाळगला होता. गाडी जोरात ओढत असते, तेव्हा बेल्टचा ताण इंजिनाची क्लचकडची बाजू सेकंडरीच्या दिशेने खेचतो आणि रबर तेवढे दबते. उभ्या गाडीत अगदी सरळ दिसणारे क्लच भाराखाली तिरके होतात, म्हणूनच अनेक मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या आणि मागच्या फटीत थोडा फरक मुद्दाम ठेवायला सांगितलेला असतो. तो फरक कोणत्या बाजूला व किती, हे अंदाजाने ठरवू नये. त्या मॉडेलचे मॅन्युअलच पाहावे.

दुसऱ्या खेपेला मी इंजिन आधी पूर्ण मोकळे केले. सायलेन्सरच्या स्प्रिंगा काढल्या, कार्ब्युरेटरकडच्या रबरी नळ्या सैल केल्या आणि टॉर्क स्टॉप (भाराखाली इंजिन सरकू नये म्हणून असलेला अडसर) मागे घेतला, कारण यांपैकी एकाचाही दाब राहिला तर इंजिन तिकडे झुकते आणि माप फसवे येते. मग बोल्ट हातानेच लावून इंजिन सरकवत फटी मॅन्युअलप्रमाणे आणल्या. पुढचा बोल्ट पान्याने आवळताना मात्र फीलर गेजची पात जागेवरच ठेवली होती, आणि शेवटच्या पाव फेऱ्यात ती सहज सरकायची थांबून घट्ट धरली गेल्याचे बोटांना स्पष्ट जाणवले. आवळताना रबर पिळले जाते आणि इंजिन बोल्टच्या फिरण्याबरोबर थोडे रांगते. तो बोल्ट सैल करून, इंजिन तेवढेच उलट सरकवून, चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलो, तेव्हा चौथ्या प्रयत्नात माप टिकले. पूर्ण आवळल्यानंतरचे माप तेवढे खरे मानावे, आधीचे सगळे तात्पुरते. टॉर्क स्टॉपची फट मी सर्वांत शेवटी लावली.

खराब झालेला बेल्ट परत चढवला नाही. त्याची एक बाजू आधीच झिजलेली असल्याने नव्या जुळणीचा निकाल त्यावरून कळला नसता. नव्या बेल्टवर थोडे अंतर चालवून इंजिन बंद केले, गार्ड उघडून दोन्ही क्लचच्या चकत्यांना हात लावला. प्रायमरीच्या दोन्ही चकत्या सारख्याच कोमट होत्या, सेकंडरीवरही हात निवांत ठेवता येत होता. नवे रबर पहिल्या काही फेऱ्यांत थोडे बसते, त्यामुळे त्यानंतर पट्टी लावून पुन्हा मोजले. मागची फट किंचित कमी झाली होती, ती दुरुस्त करून बोल्ट पुन्हा आवळले.