नक्षी शाबूत, पण…

"नक्षी भरपूर आहे हो, पण रबर म्हातारं झालंय," टायरवाला म्हणाला आणि अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवून बघितलं. खूणसुद्धा उठली नाही.

मग बाजूवरचे चार आकडे दाखवले. २३१७. म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा, टायर तेव्हा तयार झालेला.

गाडी कमी फिरते म्हणून टायर नवेच, असं आपण धरून चालतो. रबर उभ्या गाडीतही कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. नक्षी झिजून १.६ मिलिमीटरची खूण दिसेपर्यंत थांबणारे आपण फक्त झीज मोजतो, वय नाही.

बारमाही टायर निवडतानाही असंच. नुसतं 'एम प्लस एस' (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते मुख्यतः नक्षीबद्दल. बर्फावरची पकड चाचणीत उतरलेली असेल तर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असं चिन्ह असतं. काही विक्रेते दोन्ही बिनदिक्कत एकाच नावाने खपवतात!

आणि हवा? टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा. गाडीला लागणारा दाब बहुतेकदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. तोही टायर थंड असताना मोजायचा.

गाडी कुठल्या सालची हे सगळ्यांना पाठ असतं. टायर कुठल्या सालचे, न बघता सांगता येईल?