आमची वाटचाल : आजीच्या अक्षतांचा फोटो

1998 साली कराडमध्ये स्टुडिओ टाकला तेव्हा एका लग्नाला सहा-सात रोल लागायचे. 36 चा एक रोल, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे फोटो. सगळ्यांच्या 4 बाय 6 प्रिंट काढून पार्टीच्या हातात द्यायच्या; घरची मंडळी त्या सतरंजीवर पसरून अल्बमसाठी निवडायची. डिजिटल आलं आणि ही निवड आमच्या काउंटरवर आली. आता एका लग्नाचे तीन हजार फोटो होतात, आणि ते बघायला नवरीचे वडील, आत्या, करवल्या अशी सगळी मंडळी दुकानात येऊन बसतात.

बरीच वर्षं पिकासा या गुगलच्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरवर काम भागलं. 2016 मध्ये ते बंद झालं. त्याच सुमारास आम्ही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा डेटा साठवणाऱ्या फाइलमध्ये, शूट करू लागलो होतो, एकेक फाइल 25-30 एमबीची. तेव्हा हाताशी जे सॉफ्टवेअर होतं त्यात बाणाची कळ दाबली की आधी धूसर चित्र यायचं आणि तीनेक सेकंदांनी फोटो साफ व्हायचा. तीन हजार फोटो, प्रत्येकी तीन सेकंद : अडीच तास नुसते वाट बघण्यात.

2017 च्या मे महिन्यात पाटण तालुक्यातलं एक कुटुंब सिलेक्शनला आलं होतं. शेवटची एसटी गाठायची म्हणून "पुढं घ्या, पुढं घ्या" चाललं होतं. अल्बम छापून गेला आणि आठवड्याभरात नवरीचा फोन आला. "दादा, अक्षता टाकताना आजीचे डोळे मिटलेत. दुसरा फोटो नव्हता का?" दुसरा होता. त्याच्यापुढे तिसराच, डोळे उघडे, मूठ हवेत, दाणे सुटलेले. तिथवर कुणी पोहोचलंच नव्हतं. ते पान मी स्वखर्चानं नवीन छापून दिलं, पण मनातून ते गेलं नाही.

नवा कॉम्प्युटर घ्या, रॅम वाढवा, असं जो तो सांगत होता. खरं दुखणं निराळंच निघालं. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं स्वतः तयार केलेला एक जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो, असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपण बघतो तो हाच. काही सॉफ्टवेअर सरळ तोच उघडून दाखवतात, काही मात्र दर वेळी मूळ डेटावरून सगळं चित्र नव्यानं बांधत बसतात. आमचं दुसऱ्या जातीचं होतं.

मग एकाच लग्नाचं चारशे फोटोंचं फोल्डर घेऊन मी इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू एमपी, फास्टस्टोन आणि फास्टरॉव्ह्यूअर ही फोटो बघायची चारही सॉफ्टवेअर लावून पाहिली. कळ दाबून धरायची आणि फोटो सरकतात की अडखळतात ते बघायचं. वेगात कुणीच निराश केलं नाही. गिऱ्हाइकासमोर बसायला मात्र मला फास्टस्टोन पटलं. रॉसाठी आतलाच जेपेग दाखवायची सोय सेटिंगमध्ये आहे, चार फोटो शेजारीशेजारी लावून तुलना करता येते, आणि माउस दाबला की तेवढा भाग मोठा होऊन डोळे दिसतात. पसंत पडलेल्या फोटोला खूण करायची, शेवटी खुणा केलेले तेवढे वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करायचे. आमची पहिली चाळणी फास्टरॉव्ह्यूअरवर होते, कारण त्यात रॉचा खरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, दिसतो. पांढऱ्या धोतराचा तपशील उरलाय की उडालाय ते तिथंच कळतं.

एक गोष्ट मात्र हातानं करावी लागली. फास्टस्टोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रंगव्यवस्थापन, म्हणजे फाइलमधले रंग पडद्यावर बरोबर दाखवायची सोय, चालू केलं. नाहीतर अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या प्रकारातला फोटो फिका दिसतो, पैठणीचा राणी रंग पार मावळतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं रंग बदलला.

फास्टस्टोन घरगुती वापराला मोफत आहे, धंद्याला नाही. आम्ही तिन्ही कॉम्प्युटरना लायसन्स घेतलं. आपले फोटो कुणी फुकट वापरले तर आपल्याला लागतं, मग दुसऱ्याची मेहनत आपण तशी वापरू नये. सिलेक्शन होईपर्यंत लग्नाचं फोल्डर एसएसडी या वेगवान डिस्कवर राहतं, नंतर दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर जातं.

नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला अक्षतांचं फोल्डर उघडून देतो. आधी आजी-आजोबा शोधायचे, प्रत्येकाचे डोळे 100 टक्क्यांवर बघायचे, आणि चांगल्यातले चांगले दोन पार्टी यायच्या आधीच खूण करून ठेवायचे.